चार नंबर मशीनचे किलोमीटर

६ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. आमच्या लाँड्रीतले इस्त्रीवाले काका मार्चमध्ये मॅरेथॉन धावणार. वय एकसष्ट. बेचाळीस किलोमीटर, सहा तासांच्या आत. गेल्या वर्षी बारा मिनिटांनी मेडल हुकलं. एप्रिलमध्ये रिटायर होऊन कायमचे गावी जाणार, म्हणजे हा शेवटचा चान्स. सुरुवातीला सुसाट सुटतात आणि नंतर पाय उचलत नाही, ही त्यांची अडचण. शिवाय चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नाही. कोणीतरी सोबत हवं, म्हणाले. मी म्हटलं, मी आहे ना. चोवीस वर्षांचा आहे. यांना तर मी उलटा धावत पोचवीन. हे मनात म्हटलं.

७ जानेवारी, पहाटे ५
अलार्म झाला. थंडी आहे. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये.

९ जानेवारी
काकांनी खोलीचं दार वाजवून उठवलं. दीड किलोमीटरवर बुटाची लेस सुटली. काका पुढे जाऊन परत आले, तरी बांधतच होतो. नवे बूट घ्यावेत.

१५ जानेवारी
फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप घेतलं. आज एकोणीस किलोमीटर. वाटलंच होतं, ट्रॉल्या ढकलून आपलं होतंच. मग लक्षात आलं, ॲप्रन दिवसभर चार नंबर मशीनला टांगलेला, फोन त्याच्या खिशात. चादरी पिळताना ते मशीन थडथड उडतं. पण मीही दिवसभर तिथेच उभा असतो. फरशी हादरते, फरशीवर पाय माझे. खोडायचं कारण नाही.

२ फेब्रुवारी
काका म्हणाले, चार नंबरचा एक पाय ढिला आहे, मेकॅनिकला सांग. सांगतो म्हटलं. मार्चनंतर सांगेन.
आईला फोनवर सांगितलं, या आठवड्यात शंभर किलोमीटर झाले. म्हणाली, मग ये की धावत इकडे, तीन वर्षं झाली तोंड बघून. रेंज जात होती. ठेवला.

२० फेब्रुवारी
काकांनी विचारलं, सकाळी दिसत नाहीस, धावतोस कधी. ॲप दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाले, एवढं तर मी तरुणपणी पण धावलो नाही. डिलिव्हरीचा ड्रायव्हर त्यांच्यासोबत यायला तयार होता. तो स्वतः तीन मॅरेथॉन धावलाय. त्याला नको सांगून टाकतो म्हणाले. मी म्हटलं, सांगा.

१० मार्च
उद्यापासून खरंच.

१५ मार्च
उद्या आहे. नातीला मेडल आणतो म्हणून काकांनी कळवलंय. फोन कामावर राहिला वाटतं. हरकत नाही, घड्याळ आहे.

१६ मार्च, संध्याकाळ
पहिले दहा किलोमीटर काकांना मागे खेचायचं होतं. खेचावं लागलं नाही. माझ्यासाठी थांबत थांबत आपोआप मागे राहिले. एकविसाव्याला पोटरीत गोळा आला. रस्त्याकडेला बसलो. त्यांना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. जरा हळू म्हटलं असेन. त्यांना ऐकू गेलं नाही. पोटरी चोळत बसले. मधूनमधून विचारत होते, किती वाजले. दर वेळी मी पंधरा-वीस मिनिटं कमीच सांगितली. त्यांना टेन्शन नको.
मग माझा हात खांद्यावर घेऊन चालत निघाले. होईल रे, अजून वेळ आहे, म्हणत होते. मी हो म्हणत होतो.
पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडत होते. एक तास दहा मिनिटं उशीर. काकांनी एका माणसाला वेळ विचारली. मग माझ्याकडे बघितलं. बसमध्ये माझ्या पायाखाली स्वतःची बॅग सरकवली.

१७ मार्च
फोन सापडला. ॲप्रनसकट चार नंबरला लटकत होता. रविवारची शिफ्ट चालूच असते. ॲपवर काल बेचाळीस किलोमीटर पूर्ण, रंगीत फुगे उडतायत. दाखवणार नव्हतो, पण काका मागेच उभे. चष्मा लावून वाचलं. किती वेळात, म्हणाले. बघितलं. पाच तास चाळीस मिनिटं.
फोन परत दिला आणि इस्त्रीकडे गेले. जाताना म्हणाले, आता तरी मेकॅनिकला बोलव.
बोलावला. त्याने पाय आवळला. दोन मिनिटांचं काम होतं.
ॲप्रन तिथेच टांगलाय. संध्याकाळपर्यंत: शून्य.