तयार मिळणारी संध्याकाळ

आत्या, आधी एक दुरुस्ती. तुझ्या खोलीत उजेड नव्हता असं मी ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं, ते खरं नाही. उजेड होता. शिवणाच्या मशीनच्या बरोबर वर, कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, आणि ते बाबांनी बसवलं होतं. तू सासर सोडून ओझरला परत आलीस तेव्हा तुला मागची खोली मिळाली. तिथं सुई ओवायला दिसत नाही म्हणालीस, म्हणून कारखान्याला सुट्टी होती त्या रविवारी ते स्वतः छपरावर चढले. हे मला माहीत होतं. विसरले असते तर निदान तसं तरी म्हणता आलं असतं.

मला शाळेत घालायच्या आधी तू त्याच खोलीत अक्षरं शिकवलीस. सकाळी कवडसा भिंतीवरून फरशीवर उतरला की पाटी घेऊन बसायचं, आणि तो मशीनच्या पायट्याला टेकला की उठायचं, हे आपलं घड्याळ. एकदा तू चहा टाकायला गेलीस, तर मी मशीनच कवडशाकडे ओढायला लागले. तू दारात उभी आहेस, हातात गाळणं. "ओढ, ओढ. नाहीतरी मला त्याच्याखालचा केर काढायचाच होता," म्हणालीस, आणि त्या दिवशी दुप्पट गिरवून घेतलंस. शेजारच्या बायका ब्लाउज शिवायला टाकायचं निमित्त करून तासभर बसायच्या, कारण तू सगळ्या गल्लीच्या नकला करायचीस. गल्ली मात्र म्हणायची, भावानं बहिणीला मागच्या अंधारात टाकलंय. तू त्याचीही नक्कल करायचीस. बाबांना हसू यायचं नाही.

तू गेलीस त्याला आता बरीच वर्षं झाली. मी नाशिकला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका ऑफिसात आहे, आणि बाबा माझ्याजवळच राहतात. खेळातली जागा आधी नुसती उभी करतात, भिंती, दारं, भांडीकुंडी, आणि मग तिच्यात प्रकाश भरतात. तो भरायचं काम माझं. त्यासाठी तयार मूड मिळतात: पहाट, पावसाळी दुपार, भयाण रात्र, उदास संध्याकाळ. एक निवडला की सूर्य आपोआप खाली जातो, धुकं येतं, रंग उतरतात, हवेत धूळ तरंगायला लागते. आमच्या खेळात शेवटी एका बाईची रिकामी खोली हवी होती. मी तुझी उभी केली, कौलासकट. मग उदास संध्याकाळ लावली आणि बघणारे सगळे उठून माझ्या स्क्रीनजवळ आले. आमच्या सरांनी विचारलं, कुणाची खोली ही? एवढं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं. मी म्हणाले, "माझ्या आत्याची. तिला अशाच अंधारात ठेवलं होतं."

ठेवलं होतं. चित्र आधी तयार झालं आणि मग मी आठवण त्याच्या मापानं बेतली.

गेल्या रविवारी ती खोली मी बाबांना माझ्या फोनवर दाखवली. मशीन त्यांनी लगेच ओळखलं, हसले. मग फोन जवळ धरला, लांब धरला, खिडकीशी नेला. "अक्काची खोली ना ही? मग कौल कुठंय?" मी सांगितलं, आहे बाबा, पण सूर्य मागं गेलाय, हा मूड तयारच मिळतो. "मूड," ते म्हणाले. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे गल्लीचं तुलाही पटलं म्हणायचं." पूर्वी रोज जेवताना विचारायचे, आज कुठं ऊन पाडलंस? आठवडा झाला, विचारलेलं नाही. आणि त्यांनी फक्त चित्र पाहिलंय. मी ऑफिसात काय बोलले ते त्यांना अजून माहीत नाही.

तू कधी रडलीच नसशील असं नाही म्हणत मी. काही दुपारी दाराला आतून कडी असायची आणि मशीनचा आवाज नसायचा. त्या दुपारींबद्दल मला काहीच माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी छपराच्या माथी मारलं, छपरामार्फत बाबांच्या.

काल मी तो मूड काढून टाकला आणि सूर्य हातानं वर आणला. कवडसा फरशीवर आला, पायट्याच्या वीतभर अलीकडे. खोली आता रडवत नाही, सरांना कदाचित नको असेल. बदल मागायचा तर कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगायचं तर ते वाक्य सगळ्यांसमोर परत घ्यावं लागेल. सोमवारी सकाळी बैठक आहे. त्यानंतर खोली पक्की होईल, मग तिला कुणी हात लावणार नाही.

हे कुठं पाठवायचं नाही. तुला लिहितेय ते तू उत्तर देणार नाहीस म्हणून. बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचतायत, पान उलटल्याचा आवाज येतोय, मध्ये नुसता पडदा आहे. आत्ताही उठून जाता येईल, पण मी बसून आहे. आज शनिवार. ऑफिसात सोमवारी सांगेन. बाबांना त्याआधी, उद्या, रविवारी.