मूठभर उडीद, जुनी डिस्क

आई, दळण गिरणीत टाकून घरी यायचं नाही, हे तू मला पुनावळ्याच्या गिरणीत उभं करून शिकवलंस. मी शाळेच्या वयाची, कानात पट्ट्याचा आवाज, नाकात पीठ. मी म्हणते, ठेवून जाऊ या की. तू हलत नाहीस. ‘आन् त्यानं दुसऱ्याचं दिलं तर? आपली ज्वारी आपल्या डोळ्यादेखत पडली पायजे.’ गिरणीवाला हसायचा. ‘वहिनी, तुमची ज्वारी सोन्याची हाय व्हय?’ ‘सोन्याची असती तर तुझ्याकडं आणली असती व्हय?’ आणि शेवटी चिमूटभर गरम पीठ तू जिभेवर ठेवायचीस. ज्वारीत तू घरूनच मूठभर उडीद मिसळलेले असायचे. ती चव लागली की डबा उचलायचा, नाहीतर भांडण.

तुझे जावई चाकणच्या कारखान्यात, टूलरूममध्ये ड्रॉइंग काढायचे, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या घराचं, जे बांधायचं होतं त्याचं. तू मला ओट्यापाशी ओढून विचारलंस, ‘निस्तं काढतंय का बांधणार पन हाय?’ तू गेल्यावर घरी कॉम्प्युटर आला आणि ते घर कागदावरून त्यात गेलं. बांधलं गेलं नाही. आता हेही नाहीत. ते घर तेवढं मशीनमध्ये राहिलंय. मशीन इतकं मंदावलं होतं की ड्रॉइंग उघडायला लावून चहा करून यावा. मग रेघा यायच्या. आधी बाहेरच्या भिंती, मग दारं, मग जिना, सगळ्यात शेवटी स्वयंपाकघर. अलीकडे आतून टक टक ऐकू येऊ लागलं. निगडीतला दुकानदार म्हणाला, डिस्क जाणार, नवा कॉम्प्युटरच घ्या. पण ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये हे ड्रॉइंग उघडतं, तो नव्यावर चालेल याची खात्री त्यालाही नव्हती. म्हणजे मशीन तेच ठेवायचं, डिस्क वेगवान घालायची, आणि जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं.

पुन्हा दुकानात जाण्याआधी मी मिळेल ते वाचलं. नव्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी नसते, म्हणून ती मागितलेलं पटकन देते, हे कळलं. वापरलेल्या डिस्क पुसून नव्या म्हणून विकतात, हेही कळलं. दुकानदाराने महागातली दाखवली तेव्हा मला संशय आला. मग तोच म्हणाला, ‘काकू, ही तुमच्या जुन्या मशीनच्या बोर्डवर बसणारच नाही, साधी घ्या,’ तेव्हा जास्त आला. स्वतःहून स्वस्तातलं कोण सुचवतं? मी म्हटलं, ‘काम माझ्या घरी, माझ्यासमोर. आणि जुनी डिस्क मला परत.’

‘जुनी कशाला? भंगार आहे ती.’

‘भंगार आहे तर तुम्हाला कशाला?’

‘काकू, तुम्ही पोलिसात होता का?’

तो आला तेव्हा मी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. खोकं मी फोडलं. ही डिस्क आधी किती तास चाललीय ते दाखवा, म्हटलं. त्याने जोडून दाखवलं, शून्य. मशीनच्या पोटात धूळ, आणि ह्यांनी दोऱ्याने बांधलेली एक वायर. त्याने कात्री काढली. ‘ती राहू द्या.’ ‘मध्ये येते काकू.’ ‘येऊ द्या.’ मग उतरवणं सुरू झालं. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ‘वेळ लागेल, मी नाश्ता करून येतो. तुम्ही पण आराम करा.’ ‘या तुम्ही. मी बसते.’ तो परत आला तेव्हा पट्टी थांबली होती आणि आत टक टक चालू होतं. तो डोकं खाजवत म्हणाला, ‘काकू, जुनी डिस्क आहे. मी शब्द देऊ शकत नाही.’ त्याच्यावरचा माझा संशय तिथे संपला, कारण आता तो काही विकत नव्हता. मी टेबलाची कड धरून बसले. बऱ्याच वेळाने पट्टी हलली.

शेवटी त्याने नवी डिस्क बसवून ड्रॉइंग उघडलं. अख्खं घर एकदम समोर. मला पटेना. इतक्या पटकन आलेलं आपलंच कशावरून? मी स्वयंपाकघर मोठं करून पाहिलं. ओट्यावरची खिडकी आत उघडते आणि नळावर आपटते. ही चूक मी ह्यांना कितीदा दाखवली होती. म्हणायचे, बांधताना बघू. खिडकी तशीच नळावर होती.

‘बरोबर आहे,’ मी म्हटलं.

‘एवढंच बघितलं?’

‘एवढंच.’

आता चहा ठेवायला उसंत मिळत नाही. भिंतींमागून दारं, दारांमागून जिना असं येत होतं, तेव्हा कुणीतरी बसून काढतंय असं वाटायचं. आता काढून झालेलं दिसतं. मशीन चांगलं चालतं, तक्रार नाही.

हे पत्र मी त्यातच ठेवणार आहे, त्या घराच्या शेजारी. जुनी डिस्क तुझ्या ज्वारीच्या डब्यात ठेवली. डबा रिकामा कसा, असं तू विचारशीलच. हे गेल्यापासून मी दळण नेलेलं नाही. एकटीसाठी काय न्यायचं? दुकानातून पिठाची तयार पिशवी आणते. कुणी दळलं, कुठल्या धान्यामागून दळलं, मला माहीत नाही. चिमूटसुद्धा जिभेवर ठेवून बघत नाही.