सोबत गायचं नाही

सोमवार
सामान लागलं एकदाचं! दादाच्या घरात ऊन भरपूर, नळाला पाणी जोरात, आणि नवी शाळा चालत जाण्याइतकी जवळ. पुढच्या सोमवारी शिकवायला हजर व्हायचं. दादा गेल्यावर वहिनी लेकीकडे राहायला गेली. किल्ली देताना म्हणाली, भावजी, खुशाल राहा, फक्त रेकॉर्डींची खोली तेवढी रिकामी करा. ती खोली माझ्या लेकीला, चिमणीला मिळणार. शनिवारी येतेय, कॉलेजचा सगळा पसारा घेऊन. खोलीची कडी दार आपटलं की आपोआप पडते, तेवढी सुताराला दाखवायची आहे.

मंगळवार
जुन्या रेकॉर्डी घेणारा व्यापारी येऊन गेला. माणूस भलताच चिकट. म्हणे प्रत्येक रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवा, कुठे खरखरते ते चिठ्ठीवर लिहून कव्हरला चिकटवा, तरच उचलीन. भिंतभर रेकॉर्डी! दादाने हौस केली आणि निस्तरतोय मी. चरफडत बसलो. चिमणीचा पलंग कुठेतरी मावायला हवा ना.

बुधवार
कान किटले. कपाटामागे एक रेकॉर्ड सुतळीने करकचून बांधलेली सापडली. काळं कव्हर, त्यावर लाल शिडी. हाच तो अल्बम! एका मुक्या माणसाने दादाला फुकट दिला होता. सुट्टीत इथे आलो की दादा तो लावायचा, पण गिटार सुरू होऊन मी तोंड उघडलं की तोंडावर हात दाबायचा. याच्या सोबत गायचं नाही! माझा गळा फाटका म्हणून असेल, असं मी धरून चाललो. घरी जाऊन मात्र तिसरं गाणं चिमणीला अंगाईसारखं गाऊन पाठ करून दिलं. आज अडवायला कोणी नव्हतं, रेकॉर्डबरोबर मनसोक्त गायलो. मधे एका गाण्यानंतर कोणीतरी खाकरलं, अगदी दादासारखं. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

गुरुवार
घसा बसलाय. व्यापाऱ्याला फोनवर कसंबसं सांगितलं, तर म्हणतो खाकरण्यासकट माल घेणार नाही, पुन्हा ऐका. वैताग नुसता! पुन्हा लावली. खाकरणं झालं आणि मग दादा स्पष्ट म्हणाला, गाऊ नको रे. कारखान्यात छापलेल्या रेकॉर्डवर दादा कसा? त्यानंतर तिसऱ्या गाण्यात कोणीतरी बेसूर गात होतं.
तो मी होतो. कालचा.

शुक्रवार
आवाज पार गेला. डॉक्टर म्हणाले घसा ठणठणीत आहे. दादालाही हेच सांगितलं होतं. शेवटचं वर्ष तो एक शब्द बोलला नाही आणि आम्ही त्याला हेकट ठरवून मोकळे झालो. त्यालाही एकदा गायल्याशिवाय राहवलं नसेल.
रेकॉर्ड गुडघ्यावर धरली, मोडायला. मोडवेना. माझा आवाज आत आहे. तो परत नाही मिळाला तर फळ्यासमोर उभं राहून करू काय? आणि दादा आहे आत. त्याने ही का फोडली नाही ते आता कळलं. परत यंत्रावर ठेवून दिली. आपलाच राग येतोय.
चिमणीला मेसेज केला, रेकॉर्डींना हात लावू नको. तिने हसरा चेहरा पाठवला. आता बोलायचं ते हीच वही पुढे करून.

शनिवार
चिमणी आली. वही उघडेपर्यंत ती खोली बघायला जिन्यावर पळाली. टॅक्सीवाला सामान उतरवा म्हणून डोकं खातोय — वर आलो तर दार बंद. कडी पडलीय.
गिटार वाजतेय.
दार बडवतोय. तिला ऐकू जात नाही — एवढा मोठा आवाज कशाला ठेवतात ही पोरं —
दादा बोलला. गाऊ नको रे. ती हसली. काका म्हणून हसली —
तिसरं गाणं. माझा आवाज गातोय आत. तिला वाटतंय बाबांनी मुद्दाम तिच्यासाठी —
हाक मारता येत नाही. पान फाडून दाराखालून सरकवतो.
चिमणे, तो मी नाही. मी बाहेर आहे. सोबत गाऊ नको. सुई उचल. बाळा, सुई उच