आधी नट, मग फ्लेअर

२ जून, सोमवार. सकाळी १०.१५
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचा संघर्षाचा काळ नेमका कुणी टिपून ठेवत नाही आणि पुढे चरित्रकाराची पंचाईत होते. माझ्या चरित्रकाराची होऊ नये, म्हणून.

सद्यःस्थिती: वय छत्तीस. दोन एम.ए., एक एम.फिल., एक पीएच.डी. नोकरी: प्रक्रियेत. मुक्काम: धाकट्या बहिणीच्या घरी, आतली खोली. तात्पुरता. (चौथं वर्ष.)

प्रबंधाचा विषय: कारागिरांमधील कौशल्याचे हस्तांतरण, एक सैद्धांतिक मीमांसा. पानं ४१२. माणसं एकमेकांकडून हातातलं काम कसं शिकतात यावर माझ्याइतका विचार फारच थोड्यांनी केला असेल. गाइडसुद्धा म्हणाले होते, यावर एवढा विचार करायची गरज दुसऱ्या कुणाला वाटली नसती.

आज एका कंपनीचं उत्तर आलं. 'ओव्हरक्वालिफाइड.' सतरावं. फाइलला लावलं. लोक मानपत्रं भिंतीवर टांगतात, मी मिरवत नाही इतकंच.

४ जून
धाकटीने चहाच्या वेळी विषय काढला. डिलिव्हरीची तारीख दहा जुलै. बाळासाठी आतली खोली लागेल, तेव्हा दादा, महिनाअखेरपर्यंत बघ काहीतरी. मी म्हटलं, एवढ्याशा बाळाला स्वतंत्र खोली कशाला, ते कुठे चालत जाणार आहे? म्हणाली, तू तरी कुठे जातोस?

या दिवसांत बायका चिडचिड्या होतात. मनावर घेतलं नाही.

दुपारी ३.००. घेतलं.

ठराव: ३० जूनच्या आत नोकरी. तीही माझ्या पातळीची. पातळीत तडजोड नाही.

६ जून
मेहुण्याविषयी एकदा लिहून ठेवायला हवं. धाकटीचा नवरा. फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. शिक्षण दहावी, वर एक वर्षाचा कसलासा कोर्स. नखं कायम काळी. (या रोजनिशीत त्याचा उल्लेख 'मेकॅनिक' असा येईल.) दिवसभर फोन वाजतो. भलेभले लोक विनवण्या करतात, सर, आजच या ना, सर, घरात म्हातारी माणसं आहेत. सर! मला पीएच.डी. मिळून पाच वर्षं झाली. 'सर' म्हणून हाक मारली ती फक्त बँकेच्या गार्डने, चुकीच्या रांगेत उभा होतो म्हणून.

जेवताना मेकॅनिक धंद्याचंच बोलतो. आज म्हणे नवशिके हमखास एकच चूक करतात. तांब्याच्या पाइपचं तोंड फ्लेअर करतात, म्हणजे हत्याराने पसरट करतात, तुतारीसारखं. छान करतात. आणि मग ध्यानात येतं की नट आधी पाइपवर चढवायचा राहिला. पसरट तोंडावरून नट काही आत जात नाही. हे सांगताना त्याला उचकी लागेपर्यंत हसू आलं. आधी नट, मग फ्लेअर, दादा, एवढंच तर असतं!

मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? याला मी 'क्रमदोष' असं नाव दिलंय. प्रकरण पाच. तो म्हणाला, असेल दादा. आणि पुन्हा वाढून घेतलं.

अशा माणसाशी काय बोलायचं?

९ जून
जाहिरात. एका प्रशिक्षण केंद्रात प्रशिक्षक हवा, रेफ्रिजरेशन आणि एसी विभागासाठी. पात्रता: पदविका किंवा समकक्ष, शिवाय अनुभव. मी समकक्ष नाही, चांगला चार मजले वर आहे, पण वरून खाली येता येतं. प्रबंधासाठी मी सदतीस कारागिरांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतले नऊ याच धंद्यातले.

ऑनलाइन अर्ज भरला. 'प्रत्यक्ष कामाचा अनुभव' या रकान्यात 'सहा वर्षे सखोल निरीक्षण' असं लिहायचं होतं, पण त्यात फक्त आकडा बसतो. ६ टाकला. खोटं काहीच नाही. प्रबंध सहा वर्षं चालला होता.

मेकॅनिकला सांगितलं तर तो घास धरून बसला. मग म्हणाला, रविवारी माझ्याबरोबर दोन कामांना चला, हात बसेल. मी नम्रपणे नकार दिला. ज्यांच्यावर मी प्रबंध लिहिला त्यांच्या हाताखाली पाने-पक्कड धरायची?

१४ जून
आलं बोलावणं! 'गुरुवार, २६ जून, सकाळी ११. डेमो व मुलाखत. ॲप्रन आणावा.'

डेमो म्हणजे काय हे आम्हा शिक्षणक्षेत्रातल्या माणसांना सांगावं लागत नाही. फळा, प्रोजेक्टर, पंधरा मिनिटांचं व्याख्यान. कॉलेजांतून असे अकरा डेमो दिलेत. त्यांतल्या नऊ ठिकाणी माणूस आधीच ठरलेला होता, उरलेल्या दोन ठिकाणी नंतर ठरला. 'ॲप्रन' ही छपाईची चूक. ओळखपत्र म्हणायचं असेल. ही असली माणसं संस्था चालवतात.

१८ जून
स्लाइड तयार: चौसष्ट. चाळीसवर थांबायचा ठराव होता, पण 'क्रमदोष' तीन स्लाइडमध्ये मावत नाही.

मेकॅनिक दाराशी उभा राहून काहीतरी सांगत होता. सव्वीसला त्यालाही कुठल्याशा केंद्रावर बोलावलंय, बाहेरचा माणूस म्हणून, तेव्हा दादा, तुम्हाला आधी सांगितलेलं बरं. कुणाचा तरी एसी बंद पडला असणार. मी स्लाइड बावीसवर होतो. हाताने थांब म्हणून खूण केली. थांबला, आणि मग गेला.

धाकटीने माझी पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली आहेत. खोक्यावर लिहिलं, 'दादाचे कागद'. मी हरकत घेतली. तिने 'कागद' खोडून 'ग्रंथ' केलं, पण पेन संपत आलेलं, त्यामुळे वाचता येतं ते कागदच.

२१ जून
खोलीतला टेबल फॅन बंद पडला. मेकॅनिक कामावर. म्हटलं, यानिमित्ताने सिद्धांत तपासून बघू. फॅन उघडला, अवलोकन केलं, पुन्हा जोडला. तीन स्क्रू उरले. कंपन्या किती उधळपट्टी करतात! फॅन मात्र अजून बंदच.

संध्याकाळी मेकॅनिकने चार मिनिटांत चालू केला. तोंडातून अवाक्षर नाही. यालाच मी 'मौन ज्ञान' म्हटलंय, पान २१८. त्याला पान उघडून दाखवलं. प्रबंध उलटापालटा करून म्हणाला, बाइंडिंग मजबूत आहे.

२५ जून
धाकटीसमोर रंगीत तालीम. स्लाइड नऊला ती झोपली. अवघडलेली आहे बिचारी.

मेकॅनिक म्हणाला, दादा, तिथे पाइप देतात हातात. मी म्हटलं, अर्थात, विद्यार्थ्यांना दाखवायला. तो बाहेर जाऊन आपली पिशवी घेऊन आला. मग तांब्याचा एक तुकडा, नट आणि फ्लेअरचं हत्यार माझ्या टेबलावर ठेवून गेला. एकदा हात फिरवून बघा, म्हणाला. नोट्स उडत होत्या. त्यांच्यावर ठेवायला उपयोग झाला.

२६ जून, गुरुवार. सकाळी ८.००
कोट. टाय. पेन ड्राइव्ह दोन, एक बिघडला तर म्हणून. आज संध्याकाळी धाकटीला स्वतःहून सांगणार, घे तुझी खोली.

दुपारी ४.१०
प्रोजेक्टर नव्हता. फळाही नव्हता. वर्कशॉप होतं. लांब टेबल, टेबलावर मशीन, मशीनमधून बाहेर आलेला तांब्याचा पाइप. पाच उमेदवार, पाचही ॲप्रनमध्ये. क्लार्क मला म्हणाला, साहेब, तपासणीला आला असाल तर खुर्ची इकडे आहे.

समोर तिघे. प्राचार्य, विभागप्रमुख आणि तिसऱ्या खुर्चीत इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून, मेकॅनिक. प्राचार्यांनी ओळख करून दिली, हे आमचे बाहेरचे तज्ज्ञ, सर. मेकॅनिक उभा राहिला. प्राचार्यांना म्हणाला, हे माझ्या बायकोचे मोठे भाऊ, यांना मी मार्क देणार नाही. आणि खाली मान घालून बसला.

काम असं: पाइप कापायचा, फ्लेअर करायचा, नट लावून जोडायचा, साबणाचा फेस लावून गळती तपासायची. वीस मिनिटं. मी प्रस्तावना सुरू केली. प्राचार्य म्हणाले, बोलत बोलत करा.

केलं. पाइप बरा कापला गेला. फ्लेअर तर, रोजनिशीत खोटं कशाला लिहू, सुंदर झाला. गोल, चकचकीत, कुठे चीर नाही. मी बाजूला होऊन सगळ्यांना दाखवला. पाइपकडे कुणी बघत नव्हतं. सगळे टेबलाकडे बघत होते.

टेबलावर नट होता.

तरी मी तो चढवून बघितला. तिरका करून बघितला. जरा जोर लावून बघितला. एक उमेदवार खोकला, मग दुसराही. मेकॅनिक हसला नाही. या गोष्टीवर उचकी लागेपर्यंत हसणारा माणूस, आणि हसला नाही. मला सगळ्यात जास्त तेच लागलं. उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, तोंड फार छान झालंय, दादा. पण आता एवढा तुकडा कापावा लागेल. बाकी पाइप चांगला आहे.

प्राचार्यांनी सहा वर्षांच्या अनुभवाबद्दल विचारलं. निरीक्षण कसं केलं ते मी समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या नावापुढे एक शब्द लिहिला. उलटं वाचणं हे मुलाखतींनी मला शिकवलेलं एकमेव हातातलं काम. म्हटलं, अठरावं मानपत्र.

'अपात्र.' तीन अक्षरं. दोनदा मोजली.

२८ जून
व्यवस्था सडलेली आहे. ज्ञानाची कदर नाही. सहा पानी तक्रार लिहिली. कुणाच्या नावे पाठवायची ते ठरेना, म्हणून फाइलला लावली.

दुपारी घरात कुणी नव्हतं. नोट्सवरचा तांब्याचा तुकडा घेतला, फ्लेअर केला. नट पुन्हा राहिला. पण या तुकड्याचं दुसरं टोक मोकळं होतं, तिकडून घातला. याला यश म्हणायचं का, विचार चालू आहे.

३० जून
मुदत संपली. आतल्या खोलीतून खोकी निघाली, पाळणा गेला. मी बाहेरच्या सोफ्यावर. धाकटी म्हणाली, दादा, राग नको मानू. मी म्हटलं, राग कसला? आणि सोफ्यावरची उशी सरळ केली.

केंद्राला प्रशिक्षक मिळाला नाही. आठवड्यातून तीन दिवस मेकॅनिकच शिकवायला जाणार आहे. घरी येताना तो एक अर्ज घेऊन आला. तोच एक वर्षाचा कसलासा कोर्स. सोफ्यावर ठेवला.

शैक्षणिक पात्रता: दोन चौकोन. दहावी पास, दहावी नापास. पहिल्यावर खूण केली. बाकीचं लिहायला समास बरा होता, पण खाली छापलंय, जास्तीचा मजकूर लिहिल्यास अर्ज बाद होईल. प्रत्यक्ष कामाचा अनुभव: ०. या रकान्यात आकडा बरोबर बसला.

शेवटी पालकाची सही. वय कितीही असो, लागतेच म्हणे. मेकॅनिक माझ्याहून सात वर्षांनी लहान. आधी जाऊन साबणाने हात धुऊन आला आणि मग सही केली.

वर्ग उद्या सकाळी आठला. ॲप्रन आणावा, असं लिहिलंय. छपाईची चूक नाही, सरांना विचारलं.