जुलैतले पाच रिकामे दिवस

गुरुजी, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मीही आता नोकरीतून मोकळी झाले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. आमच्या विभागात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासमोर बसणारी मी एकटीच. दूरच्या एका विद्यापीठातल्या चार-पाच जणांनी पावसाच्या नोंदींचं गणित करणारा प्रोग्राम लिहिला होता आणि मागेल त्याला ते तो फुकट पाठवत. पोस्टानं फ्लॉपी आली, प्रोग्रामच्या छापील ओळींचा गठ्ठा आला आणि एक पत्र: वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, चूक सापडली तर कळवा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. स्वतःचं काम कोणी असं उघडं करून देतं, याचंच मला नवल वाटलं. पण तो प्रोग्राम आमच्या यंत्रावर चालेचना. एकेक ओळ बदलत दीड महिना गेला. विचारायला कोणी नव्हतं. पत्राचं उत्तर यायलाच महिना लागे. संध्याकाळी खोलीवर परतले की आज आपण कोणाशी बोललो का, हे आठवून बघावं लागायचं. एका दुपारी पडद्यावर पहिली सरासरी नीट उमटली, आणि ती दाखवायला जवळपास कोणी नव्हतं.

खऱ्या नोंदी हव्या होत्या, तेव्हा तुमची आठवण झाली. सौंसरच्या आपल्या शाळेच्या आवारात तुम्ही रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचात आणि वर्गात यायच्या आधी वहीत लिहायचात. तुम्ही ती वही काही न विचारता माझ्या हाती दिली. पंधरा दिवसांनी मी वही आणि छापील कागद घेऊन सौंसरला तुमच्या घरी परत आले. काकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुम्ही स्वयंपाकघरात स्टोव्हवर चहा ठेवलेला, ओट्यावर एकच ताट पालथं घातलेलं. माझ्यासाठी कप शोधायला तुम्हाला वेळ लागला. मग तुम्ही चष्मा लावून कागद बघायला लागलात, आणि तुमचं बोट एका जागी थांबलं.

"हे जुलैतले पाच शून्य कोणं लिहिले?"

"वहीत ते दिवस कोरे होते, गुरुजी. मशीन कोऱ्या जागेले शून्यच समजते."

"म्हणजे पाऊस आलाच नाही म्हणते तुझी मशीन?" तुमचा आवाज चढला. शाळेत असताना तुम्ही माझ्यावर कधी असे चिडला नव्हता. "पोरी, मी तिले घेऊन नागपूरले दवाखान्यात होतो ते पाच दिवस. तिले तिकडंच ठेवून आलो मी. वापस आलो तं बाटली भरून पाणी बाहेर सांडलं होतं. कोणत्या दिवशी किती पडला, मले काय माहीत? माहीत नाही म्हणून कोरं ठेवलं. नाही पडला आन् माहीत नाही, हे एकच हाय का?"

चहा उतू गेला. तुम्ही फडक्यानं स्टोव्ह पुसत राहिलात, आणि जरा वेळानं हळूच म्हणालात, "दुरुस्त करता येते का ते?"

आलं. न मोजलेल्या दिवसाला मी वेगळी खूण दिली आणि तो दिवस सरासरीतून वगळायला लावला. अकरा ओळी होत्या. त्या लोकांना पाठवल्या. पाच महिन्यांनी नवी फ्लॉपी आली. प्रोग्रामच्या सुरुवातीला मदत करणाऱ्यांची यादी होती, तिच्यात माझं नाव होतं. तुमचं नव्हतं, कारण मी पत्रात लिहिलं होतं, 'ही चूक मला आढळली.' लिहिताना त्यात काही खोटं आहे असं वाटलंही नाही. यादीत नाव बघितलं तेव्हा वाटलं.

त्याच सुमारास तुमचं कार्ड आलं. 'दुरुस्ती पोचली का? ते काय म्हणतात? सवडीनं येऊन सांग.' मी उत्तर लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात लोधीखेड्याच्या एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं की तुम्ही गेलात. घरात एकटेच होतात. शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी समजलं.

तो प्रोग्राम अजून चालतो. किती जणांनी तो नव्यानं लिहिला, पण त्या अकरा ओळींचं काम त्यात आहे. गेल्या महिन्यात, तो आता सांभाळणाऱ्यांना मी सगळं खरं लिहून कळवलं. तासाभरात तुमचं नाव यादीत लागलं, माझ्या नावाच्या वर. कोण्या तरुण मुलीनं दोन ओळींत आभार मानले. इतकं सोपं होतं.

पण एक गोष्ट मी त्यांना लिहिली नाही. तुमचं कार्ड आल्यानंतरच्या रविवारी मी पांढुर्ण्याला होते, मावसबहिणीच्या साक्षगंधाला. जेवण झाल्यावर, तुमच्याकडे जाऊन येते असं मावशीला सांगून स्टँडवर आले. सौंसरची गाडी लागली होती. मी आत बसले, तिकीटही काढलं. मग तुम्ही दार उघडून पहिलं काय विचाराल ते मनात आलं, आणि गाडी सुटायच्या आत मी उतरले. मावशीकडे परत जाऊन सांगितलं, गाडीच मिळाली नाही.