टेकाडातली रिकामी होडी

प्रिय लेटी,

बरी आहेस ना, पोरी? तू माहेरी गेल्यापासून घर खायला उठतं. इकडे वाऱ्याने नुसता उच्छाद मांडलाय, तरी मेंढ्या टेकाडांच्या रानात चरतायत. इंग्लंडच्या जुन्या अँग्लो-सॅक्सन लोकांची थडगी ती टेकाडं, सरकारने जपलेली. मेंढ्यांनी गवत खुरटं ठेवायचं, बस्स. नांगर नाही, कुदळ नाही, कुंपणाचा खांबसुद्धा विचारल्याशिवाय रोवायचा नाही. तुझ्या सासऱ्याने, पर्सीने, जन्मभर हे निमूट पाळलं.

पण क्लेमची होडी बुडाली आणि सगळंच फिरलं. माझं लेकरू कुठल्या पाण्यात आहे, देव जाणे. देहच नाही, तर पुरायचं काय? पाद्रीबाबा म्हणाले, देहाशिवाय आवारात कबर नाही, चर्चच्या भिंतीवर नाव कोरू. पर्सी म्हणाला, भिंत नको, माती हवी. त्यात ती उत्खननवाली बाई सहज बोलून गेली, की मोठ्या टेकाडात अख्खी होडी निघाली, तलवार निघाली, वाडगे निघाले, माणूस मात्र नव्हताच. तोही समुद्रात गेला असेल कदाचित, म्हणाली. झालं! पर्सीच्या मनाने घेतलं. दुसऱ्याच दिवशी क्लेमचे बूट टेकाडात पुरायला कुदळ घेऊन निघाला. मी आपली मागोमाग.

रानाचा राखणदार बार्नी, पर्सीचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने कुदळ हिसकावली. म्हणाला, “वेड्या, तुला आत टाकतील आणि मला घरी बसवतील!” मग दोघे म्हातारे तिथेच गवतात बसून ढसाढसा रडले. मला मात्र बार्नीचा संताप आला, अजून येतो. तेराशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाला एवढं मोठं टेकाड, आणि माझ्या पोराला हातभर जागा नाही?

लेटी, पर्सीला आता अंथरुणातून उठवत नाही. नाताळपर्यंत काही टिकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काल माझा हात धरून म्हणाला, “मॉड, रडतेस काय? मला तर चर्चच्या आवारात जागा मिळणारच. क्लेमला मी सोबत घेऊन जातो.” त्यासाठी क्लेमचा निळा स्वेटर हवाय गं, मी विणलेला. तो उशाशी घेतल्याशिवाय तुला झोप लागत नाही, ठाऊक आहे मला. मागताना माझी जीभ झडत कशी नाही! पण पोस्टाने पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये, आणि शवपेटीत पर्सीच्या कुशीत तूच ठेव. माझ्याच्याने नाही होणार.

तुझीच,
मॉडआई