रजिस्टरात नसलेली वाचक

वाचनालय,
रविवार दुपार

प्रिय सोमी,

नवशा उद्या सकाळी माथेरानला तुझ्याकडे येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि सोबत एक पुडकं देते आहे. टपालात टाकता आलं असतं, पण मुद्दाम टाकलं नाही. अक्षर बघून ओळखलंच असशील. इतके दिवस ना फोन ना निरोप आणि आता एकदम चार पानं, असं म्हणून तू नवशाकडे बघशील. बघ, पण पत्र बाजूला ठेवून देऊ नकोस. पाचवी ते दहावी एका बाकावर बसलो, माझ्या डब्यातलं लोणचं तू संपवलंस आणि तुझ्या दप्तरातली बोरं मी, तेवढ्या हक्काने सांगते.

परवा नवशा वाचनालयात आला होता, तुझ्या रियाच्या शाळेचा कसलासा फॉर्म भरून दे म्हणाला. भरता भरता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझी बहीण लिहिते का रे अजून? तो म्हणाला, "नाय गं ताय. वही होती तिची, लिवलेली पानं फाडून टाकली न् कोरी रियाला दिली, गनिताला. म्हनती, आपलं कोन छापतंय." त्यानंतर मी रियाची जन्मतारीख दोनदा चुकवली. तू लिहिणं सोडलंस, आणि ते कशामुळे सोडलंस हे तुझ्याहून मला जास्त माहीत आहे. तेच सांगायला बसले आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे.

तर आधी इथली बातमी. किशोरदादा अजून अध्यक्ष आहेत आणि अजूनही पेपरचं फक्त क्रिकेटचं पान वाचतात. यंदा समितीने ठरवलं, की एकाच साहित्यिक नियतकालिकाची वर्गणी भरायची आणि ते मी निवडायचं. "विनिता, वाचन्यासारकं घे म्हंजे झालं," असं सांगून ते मोकळे झाले. वाचण्यासारखं म्हणजे काय, हा प्रश्न अठरा वर्षं ग्रंथपाल असूनही मला कधी पडला नव्हता. सहा ठिकाणी पत्रं टाकून नमुना अंक मागवले. एकाचा कागद इतका गुळगुळीत की बोट घसरतं, आणि निम्मी पानं सराफांची न् साड्यांची. एकात सगळे एकमेकांच्या पुस्तकांची स्तुती करतात, लग्नात अहेर आणि परत अहेर चालतो तशी. एकातली वाक्यं अशी, की शेवटाला पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला होतं. तिसऱ्या पानावर मी चहा करायला उठले ती परत बसलेच नाही. मग युक्ती काढली. अंक मागून उघडायचा, वाचकांच्या पत्रांपासून. ज्याच्या वाचकांना भांडावंसं वाटतं तो अंक घ्यायचा. खरं म्हणजे ही युक्ती तुझी. तू मला फार पूर्वी सांगितली होतीस, मी ती समितीला माझी म्हणून सांगितली.

सहावं पुडकं 'खाचर'चं होतं. आठवतंय ना? दर तीन महिन्यांनी यायचं, खरखरीत कागदाचं, मुखपृष्ठावर एकाच रंगातलं चित्र. बाजाराच्या दिवशी तुझा माल संपला की तू रिकामी पाटी दाराबाहेर ठेवायचीस, नळावर हात धुवून पदराला पुसायचीस आणि खिडकीजवळ उभी राहून ते वाचायचीस. बस म्हटलं तर बसायची नाहीस, बसलं की टेंपो चुकतो म्हणायचीस. घरी ने म्हटलं तर म्हणायचीस, "नको गं, ओल लागंल, नायतर शेरडं खातील." म्हणून एक अंक तू चार-पाच बाजारांत मिळून संपवायचीस, कुठवर वाचलं ते डोक्यात ठेवून. खूण म्हणून पानाचा कोपरासुद्धा कधी दुमडला नाहीस.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातही अशीच यादी करायची होती आणि एक नियतकालिक कमी करायचं होतं. आपल्याकडची पद्धत तुला माहीत नसेल. देवघेव रजिस्टर उघडायचं आणि कोणता अंक किती वेळा कोणाच्या घरी गेला ते बघायचं. घरी गेला तो वाचला गेला, नाही गेला तो नाही. 'खाचर'पुढे वर्षभरात एकही नाव नव्हतं. किशोरदादांनी विचारलं, "हे वाचतंय कोन? रजिस्टरात तर कोनीच नाय." मी म्हणायला हवं होतं, एक जण आहे, उभ्याने वाचते, आणि आपल्या सगळ्यांपेक्षा बारकाईने वाचते. मी तुझं नाव घेतलं नाही. रजिस्टर मिटलं आणि म्हटलं, बंद करूया. त्याच्या जागी पाककृतींचं मासिक सुरू झालं, ते मात्र दर महिन्याला दहा घरं फिरतं.

नियम तो नियम, असं मी तेव्हा मनाला समजावलं. पण त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली गोष्ट मला टोचत होती. तू तुझ्या आईवर, चिमाआईवर लिहिलेला लेख. घरातला भात संपला की ती डोंगरातून कडू करांदे खणून आणायची, राख घालून उकडायची, कडूपणा जावा म्हणून टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची आणि तुम्हा भावंडांना देण्याआधी पहिला तुकडा स्वतः खाऊन बघायची. एवढंच होतं त्यात. वही माझ्या टेबलावर ठेवून तू म्हणालीस, "तू नीट करून दे गं. छापून आलं की आयेला वाचून दाकवीन." मी नीट केला. 'नाय'चं 'नाही' केलं, 'आमी'चं 'आम्ही' केलं, दोन उपमा घातल्या, शेवटी मातृत्वावर एक परिच्छेद जोडला आणि 'खाचर'ला पाठवला. त्याच पाकिटात माझ्या दोन कविता सरकवल्या. सगळंच परत आलं. मला नवल वाटलं नाही. मी कविता करते हे तुला माहीत होतं. किती परत आल्या ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. कपाटाच्या खालच्या खणात ती पाकिटं आहेत, रबर लावून. तू हसून म्हणालीस, ऱ्हाऊ दे. मला वाटलं, विषय संपला.

तू राहू दिलं नव्हतंस. वहीतला मूळ मजकूर, तुझ्या बोलीत, तुझ्याच हाताने उतरवून दिवाळीच्या सुमारास तू एकटीने पुन्हा पाठवलास. वाडीवर टपाल येत नाही आणि तेव्हा तुझ्याकडे फोनही नव्हता, म्हणून पत्ता वाचनालयाचा दिलास. मला बोलली नाहीस. मी पुन्हा नीट करायला घेईन अशी धास्ती वाटली असेल, तर ती खरीच होती.

जानेवारीत तू आलीस, खिडकीजवळचा कप्पा धुंडाळलास आणि विचारलंस, "नवा अंक आला नाय का गं?" मी मान वर न करता सांगितलं, बंद केला, कोणी वाचत नव्हतं. पुढच्या तीन-चार बाजारांना येऊन नुसतं विचारलंस, टपालात काही आलंय का. मला वाटलं, डिवचतेस. मग तू बाजारात बसायचीस, पण आमची पायरी चढेनाशी झालीस. भातलावणीच्या दिवसांत चिमाआई गेली. मी वाडीवर आले तेव्हा तू माझ्याशी नीट बोललीस, चहा केलास, पावसात कशी आलीस म्हणून काळजीही केलीस, आणि मला ते सोसेना. दिवाळीनंतर तू आणि पोशा मुलीला घेऊन माथेरानला गेलात. हॉटेलातल्या चादरी धुतेस असं नवशाकडूनच कळलं.

आता त्या पुडक्याचं. 'खाचर'च्या संपादकबाईंनी नमुना म्हणून तीन वर्षांचे अंक पाठवलेत. मी मागून उघडत होते. एका अंकात पाच पत्रं, पाचही एकाच लेखावर. साताऱ्याच्या कोणा निवृत्त मास्तरांनी लिहिलंय, की तो लेख त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवला. एक बाई भांडल्यात, की बोली कळत नाही, अर्थ तरी द्या. खालच्या पत्रात दुसऱ्या बाईंनी त्यांना चांगलंच झापलंय. असा कोणता लेख म्हणून मी आधीचा अंक काढला. पान बावीस. 'कडू करांदं'. खाली तुझं नाव. वर संपादकांची एक ओळ, की लेखिकेने लिहिला तसाच, एक अक्षर न बदलता छापत आहोत.

छापून आला होता, सोमी. चिमाआई जाण्याच्या पाच महिने आधी. मी उभ्यानेच वाचला. माझ्या उपमा त्यात नव्हत्या आणि त्यांची कुठे उणीवही भासत नव्हती. तो पहिला तुकडा खाऊन चिमाआई तोंड वाकडं न करता पोरांकडे बघते, त्या ओळीला मला रडू आलं. तीच ओळ मी खोडून तिथे 'वात्सल्य' हा शब्द घातला होता. इतकं चांगलं मी आयुष्यात एक वाक्य लिहिलेलं नाही. हे कागदावर आणताना जड जातंय, पण आता खरं ते लिहायचं ठरवलंय.

संपादकबाईंची चिठ्ठीही होती. लेख दिवाळीच्या सुमारास तुझ्याच अक्षरात आला, असं त्यात आहे. त्या विचारतात, सोमीताई कुठे असतात? त्यांचा अंक आपल्या पत्त्यावर पाठवला, तो परत आला. आणखी लेख पाठवा असं पत्र पाठवलं, तेही परत आलं. आम्ही अजून वाट बघतो आहोत. फेब्रुवारीतलं ते पाकीट मला आठवतं. वर्गणी बंद करूनही अंक येतोय, उद्या पैसे मागतील, असं वाटून मी पत्ता न वाचताच 'घेणे नाही' लिहिलं आणि पोस्टमन अकरमच्या हाती परत दिलं. काल समितीसमोर मी 'खाचर' निवडलं. का, म्हणून विचारल्यावर सांगितलं, की तीन वर्षांपूर्वी त्याला एक वाचक होती आणि मी गप्प बसले. किशोरदादा म्हणाले, "मंग तवाच का नाय बोललीस?" सोबत तुझा लेख असलेला अंक आहे, पत्रांचा अंक आहे आणि संपादकबाईंची चिठ्ठी आहे. पत्ता शेवटच्या पानावर सापडेल. रियाला गणितासाठी दुसरी वही घेऊन दे आणि लिहायला बस. या वेळी कोणाकडून नीट करून घेऊ नकोस.

एवढं तर नवशाच्या तोंडी निरोप पाठवूनही भागलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्या पाकिटासाठी. ते मी न वाचता परत केलेलं नाही. एप्रिल संपत आला होता, बाजाराचा दिवस होता. अकरमने पाकीट टेबलावर ठेवलं. निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सौ. सोमी पोशा निरगुडा, आणि खाली वाचनालयाचा पत्ता. कोपऱ्यात 'खाचर'चा शिक्का. नापसंत लेखन पाठवणाऱ्याच्याच अक्षरातल्या पाकिटातून परत येतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक. मला तिथल्या तिथे सगळं समजलं, की तू पाठवलंस, त्यांनी घेतलं, आणि तेही मी हात न लावलेलं. अकरम म्हणाला, "सोमीचं हाय ना हे? ठेवू का?" मी म्हटलं, ती आता इथे येत नाही, परत कर. त्याने खिशातलं पेन काढलं, ते उठेना म्हणून झटकलं, मग सावकाश शेरा लिहिला, आणि तेवढा सगळा वेळ मी समोर बसून होते. चिमाआई तेव्हा होती. तू रस्त्याच्या पलीकडे करवंदांचे वाटे मांडून बसली होतीस. मी दारात येऊन हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती.

'तुझीच' लिहावं की नाही, ते आता तूच ठरव.

विनिता